नव्वदच्या दशकातले अचाट सायन्स फिक्शन ॲक्शन सिनेमे नक्की कसे बघायचे?

तुम्ही लिहिलंय की मित्राच्या आग्रहाखातर नव्वदच्या दशकातले दोन-तीन सायन्स फिक्शन ॲक्शन सिनेमे बघितले, त्यातलं विज्ञान साफ चुकीचं निघालं, आणि लोक हे परत परत का बघतात ते काही कळेना. मी हे सिनेमे पंचवीस वर्षं बघतोय आणि आजही मनापासून बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लहानपणी तुम्ही 'डोंगर का पाणी' खेळला असाल. राज्य असलेल्याने पाणी घेतलं की बाकीच्यांनी पायरीवर, कट्ट्यावर, दगडावर चढायचं. खाली पाय टेकला आणि पकडला गेलात की राज्य तुमच्यावर. अंगणात पाणी नाही हे प्रत्येक पोराला ठाऊक असतं. पण 'इथे कुठंय पाणी?' असं म्हणत जो मधोमध उभा राहतो, त्याला पुन्हा कोणी खेळायला घेत नाही.

या सिनेमांचं तसंच आहे. सुरुवातीला एक भलीमोठी थाप असते, ती आपण मान्य करायची. त्यानंतरची जबाबदारी सिनेमाची. त्याने ती थाप शेवटपर्यंत निभवायची, मध्येच नियम बदलायचे नाहीत, रडीचा डाव खेळायचा नाही. चांगला अचाट सिनेमा आणि नुसता वाईट सिनेमा मी यावरूनच ओळखतो.

१९९० चा 'ट्रेमर्स' घ्या. अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटातलं जेमतेम दहा-पंधरा माणसांचं गाव. जमिनीखाली तीसेक फूट लांबीचे किडे आहेत, त्यांना डोळे नाहीत, पण जमिनीची कंपनं बरोबर कळतात. थाप एवढीच. किडे आले कुठून हे सिनेमा सांगतच नाही. पात्रं आपापसात तर्क लढवतात आणि ते तिथेच राहतं. पुढचा सगळा सिनेमा या एका नियमातून निघतो. चाललं तर किडा येणार, मग चालायचं नाही. खडकावर किडा येऊ शकत नाही, मग एका खडकावरून दुसऱ्यावर जायचं कसं? काठ्या टेकून उड्या मारत! म्हणजे हा अख्खा सिनेमा 'डोंगर का पाणी' आहे, फक्त राज्य किड्यांवर. आणि राज्य असलेला गडीही शिकत जातो. माणसं छपरांवर चढली की किडे खालून घरंच पाडायला लागतात.

दोन प्रसंग तर मला तोंडपाठ आहेत. एका जोडप्याची गाडी रात्री जमिनीत ओढली जाते. नंतर दोन्ही नायकांना ती सापडते तेव्हा ती पूर्ण गाडलेली असते, पण हेडलाइट मातीखालून उजेड टाकत असतो आणि रेडिओवर गाणं चालू असतं. रक्ताचा थेंबही न दाखवता पोटात गोळा आणतात. दुसरा प्रसंग दुकानातला. सगळे फळ्यांच्या जमिनीवर श्वास रोखून उभे आहेत, बाहेर किडा फिरतोय, आणि कोपऱ्यातला जुना फ्रिज अचानक घरघरायला लागतो. मागच्या दिवाळीत भाच्याला हा सिनेमा दाखवला. बारा वर्षांचा आहे, मोबाइलवर काय वाट्टेल ते बघतो. फ्रिज सुरू झाला तसे त्याने दोन्ही पाय उचलून सोफ्यावर घेतले आणि शेवटपर्यंत खाली सोडले नाहीत. मध्ये पाणी हवं होतं, तर म्हणाला, "मामा, तू आण ना."

आता १९९३ चा 'डिमॉलिशन मॅन'. सिल्वेस्टर स्टॅलोनचा पोलीस १९९६ मध्ये गोठवला जातो आणि २०३२ मध्ये जागा होतो. तोवर समाज इतका सभ्य झालाय की गुन्हेगाराला अटक कशी करायची हेही पोलीस हातातल्या यंत्राला विचारून करतात. शिवी दिली की भिंतीवरचं मशीन लगेच दंडाची चिठ्ठी छापून बाहेर टाकतं. संडासात कागद नाही, त्या जागी तीन शिंपले ठेवलेले. ते वापरायचे कसे हे त्याला कळत नाही, आणि विचारलं की सगळे त्यालाच हसतात. मग तो शांतपणे त्या मशीनसमोर उभा राहतो, एका दमात शिव्यांची लाखोली वाहतो, भराभर आलेल्या चिठ्ठ्या गोळा करतो आणि परत आत जातो. इतका नेमका विनोद लिहायला डोकं लागतं. नियम आधी दाखवला, मग नायकाने तोच नियम आपल्या कामाला लावला. शिंपल्यांचं उत्तर मात्र सिनेमा देत नाही, आणि ते दिलं नाही हे उत्तमच.

विज्ञानाबद्दल तुमची तक्रार बहुतेक 'इंडिपेंडन्स डे'वरून आली असणार. लॅपटॉपवरून परग्रहवासीयांच्या यानात व्हायरस सोडतात, हे ऐकून चिडलेले बरेच जण मला भेटलेत. इथे रडीचा डाव थोडा आहे, मान्य करतो. पण एच. जी. वेल्सच्या १८९८ च्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या कादंबरीत पृथ्वीवर चालून आलेले मंगळवासी पृथ्वीवरच्या जंतूंनी मरतात. १९९६ च्या या सिनेमाने जंतूंच्या जागी कॉम्प्युटरचा व्हायरस ठेवला. हे कळल्यापासून मला तो प्रसंग खुपत नाही.

आणि खरं विज्ञान बघायचं असेल तर ते कॅमेऱ्यामागे बघा. याच सिनेमात शहराच्या रस्त्यांमधून आगीची भिंत धावत येते, तो प्रसंग त्यांनी केला कसा? रस्त्याची छोटी प्रतिकृती बनवली, ती आडवी न ठेवता उभी केली, कॅमेरा वरच्या टोकाला लावला आणि खालून स्फोट केला. आग वर चढते एवढ्या एका साध्या गोष्टीवर सगळं काम झालं. पडद्यावर मात्र ती रस्त्याने आपल्याच अंगावर येतेय असं वाटतं. ती आग खरी आहे, म्हणून तिचे लोळ तसे वळतात. १९९४ मध्ये 'जुरासिक पार्क' हिंदीत आला आणि तुफान चालला. त्यानंतर असे सिनेमे हिंदी बोलत आमच्या गावापर्यंत पोचायला लागले, आणि ही आगीची भिंत मी तिथल्याच थिएटरात बघितली. पुढच्या रांगेतली माणसं खुर्चीत मागे सरकली होती.

'द फिफ्थ एलिमेंट'ला (१९९७) माझा नियम लावायला गेलं तर तो सिनेमा नापासच व्हायला हवा, कारण त्यात नियम असे फारसे नाहीतच. आपल्या पंचमहाभूतांतलं आकाश तिथे नाही. त्यांच्याकडे पृथ्वी, आप, तेज, वायू आणि पाचवी ती लाल केसांची मुलगी. पण कपडे ज्याँ पॉल गोतिए या फ्रेंच फॅशन डिझायनरचे, उडत्या टॅक्स्यांच्या त्या जगाच्या आखणीत मोबियस आणि मेझिएर हे दोन फ्रेंच कॉमिक्सवाले, आणि ती निळी गायिका गायला लागते तेव्हा खरा आवाज इन्व्हा मुला या अल्बानियन सोप्रानोचा, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या ऑपेरा गायिकेचा. एकीकडे दोनिझेत्ती या इटालियन संगीतकाराच्या ऑपेरातलं गाणं, दुसरीकडे त्याच लयीत मारामारी. ती पाच मिनिटं मी नियम-बियम विसरून बघतो.

'आर्मागेडन' (१९९८) मला जमला नाही. तेलविहिरी खोदणाऱ्यांना अंतराळात पाठवायचं ही थाप मी आनंदाने घेतली असती. पण दर दोन सेकंदांनी दृश्य बदलतं, कोण कुठे उभा आहे तेच कळत नाही. डोंगर कुठला आणि पाणी कुठलं हे दिसलंच नाही तर खेळणार कसं?

तेव्हा 'ट्रेमर्स'पासून सुरुवात करा. दीड तासाचा तर आहे. जेवणं उरकल्यावर, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, दिवे घालवून बघा. जमलं तर घरातल्या एखाद्या पोराला शेजारी बसवा. आणि तो फ्रिज सुरू होतो तेव्हा तुमचे पाय कुठे होते ते मला नक्की कळवा.