डिशवॉशर पाणी तापवत नाही, १४ हजारांचा बोर्ड बदलू की नवीन मशीन घेऊ?

थांबा, पैसे देऊ नका. निदान आज तरी नका देऊ.

तुम्ही लिहिलंय की मशीन चार वर्षांचं आहे, भांडी गार आणि ओशट निघतात, आणि आलेल्या माणसाने दहा मिनिटांत ‘पीसीबी (मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेलाय’ म्हणून १४ हजार सांगितले. त्या दहा मिनिटांत त्याने खालचा पत्रा काढला का, हे मात्र लिहिलेलं नाही. काढला नसणार. आमच्याकडेही काढला नव्हता.

आमचं मशीन २०२० च्या ऑक्टोबरात आलं. टाळेबंदीत भांड्याच्या मावशी यायच्या बंद झाल्या होत्या आणि घरात पाच माणसं तिन्ही त्रिकाळ जेवत होती. सासूबाई म्हणाल्या, यंत्रातल्या भांड्यात मी नैवेद्य दाखवणार नाही. दिवाळीपर्यंत दाखवायला लागल्या. तीन वर्षं मशीनने मुकाट काम केलं.

२०२४ च्या जानेवारीत पहिल्यांदा कळलं ते चष्म्यामुळे. मशीन थांबल्यावर दार उघडलं की माझ्या चष्म्यावर वाफ धरायची. एक दिवस धरली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आत हात घातला तर ताटं गार आणि निथळत होती. वड्यांचं तूप काढलेली वाटी आत गेली होती तशीच बाहेर आली, फक्त आता ते तूप सगळ्या भांड्यांना सारखं वाटलं गेलं होतं. साबणाची गोळीही अर्धी तशीच राहिलेली.

नवऱ्याला सांगितलं. तो सिव्हिल इंजिनिअर, गेली २६ वर्षं पूल बांधतो. म्हणाला, “तू भांडी कोंबतेस.” आणि संध्याकाळी फ्रिजवर एक नकाशा चिकटवला. प्लॅन आणि एलेव्हेशन दोन्ही. कढई कुठे, ताटं कुठल्या खाचेत, वाट्या किती तिरक्या. मी आठ दिवस इमानेइतबारे त्या नकाशाप्रमाणे भांडी लावली. आठव्या दिवशीही तूप होतंच.

मग म्हणाला, थंडी आहे, टाकीतलंच पाणी गार येतंय. इथे मात्र माझी सटकली. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. घरात एक इंजिनिअर असला की बाकीच्यांना गणित येत नाही असं धरून चालायची पद्धत आहे, म्हणून त्याच नकाशाच्या पाठीमागे मांडून दाखवलं. एका धुण्यात साधारण ४ लिटर पाणी फिरतं. ते १५ अंशांवरून ६५ वर न्यायला १९०० वॉटच्या हीटरला सात-साडेसात मिनिटं लागतात. भांडी आणि आतला स्टीलचा डबा तापवायचा धरला तर बारा-पंधरा. टाकीचं पाणी १० अंशांनी जास्त गार असलं तर वाढतात फार तर दोन मिनिटं. दोन मिनिटांनी तूप थिजत नाही.

तो म्हणाला, “थिअरी झाली ही.”

मग कंपनीचा माणूस आला. मशीन कोण लावतं, कोण रिकामं करतं, हे न विचारता सगळं बोलणं नवऱ्याशी. “सर, तुमच्याकडे पाणी हार्ड आहे.” हे खोटं नव्हतं, आमच्या सोसायटीत फेब्रुवारीपासून टँकर सुरू होतात आणि बोअरचं पाणी मिसळलेलं असतंच. त्याने क्षार काढायच्या पावडरीची दोन पाकिटं आणि मिठाची पिशवी विकली. मशीन आतून चकचकीत झालं. पाणी गारच. दुसऱ्या खेपेला डिस्प्लेवर कोड दिसला आणि त्याने बोर्डाचं निदान केलं, ११,८०० रुपये. नवऱ्याचा हात खिशातल्या फोनकडे गेला होता. मी विचारलं, “हीटर मोजलात का?” तो नवऱ्याकडे बघून म्हणाला, “मॅडमना सांगा, कोड बोर्डाचाच आहे.” आणि नवऱ्याने मला तसं सांगितलं. मी दोन फुटांवर उभी होते.

म्हटलं, उद्या कळवतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी कोणी नव्हतं. हे तुम्हीही करा, याला एक पैसा लागत नाही. घरातले बाकीचे सगळे एमसीबी खाली पाडा, फक्त डिशवॉशरचा चालू ठेवा. मशीन ६५ किंवा ७० अंशांच्या प्रोग्रामवर लावा. मग खाली मीटरपाशी जा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती वेळा ते छापलेलं असतं, आमच्याकडे ३२००. हीटर चालू असेल तर तो दिवा सेकंदाला दीडेक वेळा, म्हणजे धडधडल्यासारखा लुकलुकतो. नुसता पंप फिरत असेल तर पंधरा-सोळा सेकंदांनी एकदा, म्हाताऱ्याने पापणी हलवावी तसा. सुरुवातीचं पाणी भरणं सोडून पुढची चाळीस मिनिटं बघायची. मी पार्किंगमध्ये स्टूल टाकून बसले. वॉचमन दोनदा येऊन विचारून गेला, “काकू, कुणाची चोरी पकडताय?” चाळीस मिनिटांत दिवा एकदाही धडधडला नाही.

म्हणजे हीटर वीज घेतच नव्हता. क्षारांचा थर असेल तर हीटर वीज घेतो, आतल्या आत तापतो आणि उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही. त्यामुळे पावडरीचा आणि आमच्या दुखण्याचा संबंध नव्हता, हे तिथेच ठरलं. नवरा आजही म्हणतो की पावडरीने “थोडा फरक पडला होता”. फरक त्या माणसाच्या कमिशनला पडला असेल.

मग प्लग काढला. एमसीबी पाडून भागत नाही, प्लगच काढायचा. मशीन पुढे ओढलं, खालचा पत्रा काढला, हीटरच्या वायरी सोडवल्या आणि माझा ५०० रुपयांचा मल्टिमीटर लावला. रोध आला २७.८ ओहम. १८०० ते २००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर २५ ते ३० ओहमच्या दरम्यान दाखवायला हवा, म्हणजे हीटर ठणठणीत. त्याची एक टोकाची वायर बोर्डापर्यंत मल्टिमीटरच्या बझरवर तपासली (वायर अखंड असली की तो वाजतो), वाजली. दुसरी वाजेना. टॉर्च तोंडात धरून तिच्यावरून बोट फिरवत गेले तर मागच्या कोपऱ्यात बोटाला तुटलेलं तांबं लागलं. आणि खाली लेंड्या.

उंदीर.

आता खरी गोष्ट. मशीनचा सांडपाण्याचा पाइप ड्राय बाल्कनीत काढायला भिंतीला चार इंची भोक पाडलं होतं आणि पाइप आहे जेमतेम एक इंचाचा. त्या भोकाला जाळी लाव, हे मी मशीन आलं त्या दिवसापासून सांगत होते. नदीवर पूल उभे करणाऱ्या माणसाला स्वतःच्या स्वयंपाकघरातलं भोक बुजवायला तीन वर्षांत एक रविवार मिळाला नाही. संध्याकाळी तो आला तेव्हा ती वायर मी ताटात ठेवून समोर ठेवली. बघून म्हणाला, “उंदराने खाल्ली ही काय माझी चूक?” हा वाद अजून मिटलेला नाही. तुमचा प्रश्न वाचून मी रात्री साडेअकराला लिहायला बसले त्याचं कारण तेच.

सोसायटीच्या वायरमनने उष्णतेला टिकणारी दीड चौरस मिलिमीटरची नवीन वायर टाकून दिली, ४५० रुपये. त्या रात्री चष्म्यावर वाफ आली.

आता तुमचं. तुमच्याकडे उंदीरच असेल असं मी म्हणत नाही. आधी मीटरचा दिवा बघा. दिवा धडधडतो पण भांडी गार, असं असेल तर क्षार बघा, आणि तुमच्याकडे व्होल्टेज किती येतं ते बघा. १८० व्होल्टला हीटरची ताकद जेमतेम ६० टक्के उरते. दिवा धडधडतच नसेल तर हीटर मोजा. २५-३० ओहम आले तर हीटरला दोष देऊ नका. मल्टिमीटरने काहीच दाखवलं नाही तर हीटर तुटलाय, बोर्ड नव्हे.

नव्या मशीनांत हीटर बहुधा पंपालाच जोडलेला असतो आणि पाणी नीट फिरतंय असं कळल्याशिवाय त्याला वीजच मिळत नाही. म्हणजे हीटर, वायर, बोर्ड सगळं धडधाकट असूनही पाणी गार राहू शकतं. तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल तर हे नक्की तपासा. मशीनला साधारण अर्धा बार दाब लागतो, म्हणजे डोक्यावर पाच मीटर पाणी हवं, आणि वरच्या मजल्यावर टाकी असते छपरालाच टेकलेली. पाणी येतं त्या नळीच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते, टँकरच्या गाळाने ती बुजते. आतली गाळणी काढून बघा, कढीपत्ता आणि भाताची शितं निघतील. आणि कुणी भांड्याचा साधा लिक्विड साबण घातला असेल तर फेसामुळे पंप नुसता हवा ढवळतो. आमच्याकडे मावससासूबाईंनी हे केलंय, फेस हॉलपर्यंत आला होता.

तापमान ओळखणारा सेन्सर असतो, त्याला एनटीसी म्हणतात. गरम पाण्यात धरला की त्याचा रोध भराभर उतरला पाहिजे. आकडा ढिम्म हलत नसेल तर सेन्सर मेलाय. तो बोर्डाच्या मानाने स्वस्त मिळतो.

एवढं सगळं निघून गेलं तर मग बोर्ड. पण बोर्ड म्हणजे तरी अख्खा बोर्ड का? हीटरला वीज सोडणारा रिले जळतो किंवा त्याच्या पायाचा डाख तडकतो, पाठीमागे तपकिरी डाग दिसतो. हात बसलेला टीव्ही दुरुस्तीवाला रिले बदलून देतो. कंपनीवाले देत नाहीत, त्यांना सुटा रिले विकायचाच नसतो. नवीन मशीनचा विचार बोर्ड आणि पंपासकट हीटर दोन्ही गेले तरच करा. एकट्या बोर्डासाठी चार वर्षांचं मशीन भंगारात घालू नका.

हे खरं तर सुरुवातीलाच लिहायला हवं होतं: वॉरंटी किंवा वाढीव वॉरंटी शिल्लक असेल तर पत्रा स्वतः काढू नका, तेवढं निमित्त त्यांना पुरतं. मशीन चालू केलं की ईएलसीबी (वीज गळाली की आपोआप पडणारा स्विच) पडत असेल तर मी सांगितलेलं काहीही करू नका. हीटरची वीज मशीनच्या अंगात उतरत असू शकते, प्लग काढून ठेवा आणि जाणकार बोलवा. तुटलेली वायर सापडली तर पिळून वर चिकटपट्टी गुंडाळू नका. तिच्यातून आठ-नऊ अँपिअर जातात, तेही ओलाव्यात. आणि मल्टिमीटर आयुष्यात कधी धरला नसेल तर वायरमनला बोलवा, पण मोजताना शेजारी उभे राहा आणि आकडा विचारून घ्या.

भांडी मी थोडी कोंबायचेच, हेही लिहून टाकते. नकाशा काढून टाकलेला नाही. त्याच्या पाठीमागे माझं गणित आहे म्हणून.

भोक शेवटी मीच बुजवलं. मशीन आल्यापासून पडून असलेल्या तारेच्या चार घासण्या आत ठासल्या आणि वरून व्हाइट सिमेंट फिरवलं. मशीन पुढे ओढाल तेव्हा तुमच्याही पाइपाचं भोक बघून घ्या, आणि हीटरचा ओहम किती आला ते खाली लिहा.