डिग्री फाइलमध्ये ठेव, मोहर्लीचा मंगळवार सांग

बाबू, तुझा प्रश्न वाचला. भद्रावतीजवळचं गाव, टुरिझममध्ये बी.ए., दोन वर्षांपासून ताडोबाच्या मोहर्ली गेटजवळच्या रिसॉर्टवर काम, आणि विचारतोस, "ताई, दुबईच्या हॉटेलवाल्यांना आपल्या डिग्रीची किंमत आहे का?"

आहे, पण फाइलपुरती. अटेस्टेशन, म्हणजे डिग्री खरी असल्याचे सरकारी शिक्के, मागितलं तर राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय, यूएईचा दूतावास असं फिरावं लागतं. मार्कशीट आणि पासपोर्टवरच्या नावात फरक असेल तर आत्ताच दुरुस्त करून घे.

मुलाखतीत डिग्रीबद्दल कोणी फारसं विचारत नाही. मी साकोलीकडची. माझ्या पहिल्या मुलाखतीत मॅनेजरनं विचारलं, "रात्री अकराला पाहुणा आला, बुकिंग आहे म्हणतो, सिस्टीममध्ये नाव नाही. काय करशील?" मी नोट्समधली फ्रंट ऑफिसची व्याख्या सुरू केली. त्यानं पेनाला टोपण लावलं. संपली मुलाखत.

आता टेबलाच्या पलीकडे मी बसते. पोरं पर्यटनाचे प्रकार घडाघडा सांगतात. इंटर्नशिपच्या सर्टिफिकेटवर सहा महिने लिहिलेले असतात, पण एक चेक-इन स्वतः केलेलं नसतं, हॉटेलचं ऑपेरा सॉफ्टवेअर उघडून पाहिलेलं नसतं. दोष कॉलेजचा किती, पोरांचा किती, हा वाद राहू दे. (आमच्या कॉम्प्युटर लॅबला बाराही महिने कुलूप असायचं, एवढंच सांगते.) मालकाला पाहिजे असतो पहिल्या आठवड्यात काउंटरवर एकटा उभा राहणारा माणूस.

आणि तू तर रोज तेच करतोस! ताडोबा मंगळवारी बंद. ते न पाहता नागपूरहून लेकरंबाळं घेऊन आलेलं कुटुंब तुझ्या रिसेप्शनवर भांडलंच असेल. त्यांना तू चहा पाजून, विजासनची लेणी दाखवून, बुधवारची सकाळची सफारी मिळते का बघून दिली असशील, तर तोच किस्सा इंग्रजीत दोन मिनिटांत सांगायची सवय कर. आरशासमोर नको, रिसॉर्टवर येणाऱ्या परदेशी पाहुण्यांशी बोलून कर. सीव्हीत "मेहनती, प्रामाणिक" लिहू नको. किती खोल्या, एका वेळी किती पाहुणे सांभाळलेस ते लिही. ट्रॅव्हल एजन्सीत जायचं असेल तर अमॅडियस या बुकिंग सिस्टीमवर तिकीट काढणं शीक.

पैशाचं नीट ऐक. यूएईच्या कायद्यानं भरतीचा खर्च मालकानं करायचा, कामगाराकडून घ्यायचा नाही. इकडच्या नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक जीएसटी घेता येतो. त्याची नोंदणी ईमायग्रेट या सरकारी पोर्टलवर तपास. "टुरिस्ट व्हिसावर जा, तिथं कामाचा करून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच नमस्कार कर. आमच्या गावच्या एका पोराच्या बापानं त्यापायी धानाची बांधी गहाण टाकली होती.

सुरुवात बेल डेस्कवरून, म्हणजे पाहुण्यांचं सामान उचलण्यापासून, झाली तर नाक मुरडू नको. तिकडचा हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल, तेव्हा उन्हाळ्यात अर्ज टाकायला लाग. सीव्ही झाला की मला पाठव, पण आधी मंगळवारचा किस्सा बोलून, रेकॉर्ड करून पाठव.