कंटेनरला चाकं लावायचं, हे कसलं करिअर?

एका आईचं पत्र आलंय. लांबलचक आहे, मी थोडक्यात सांगतो. मुलीने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, मग डिग्री, आता शेवटचं सेमिस्टर चालू आहे. एका छोट्या कंपनीकडून डिझाइन ट्रेनीची ऑफर आलीये. कंपनी फोर्कलिफ्टने उचलायच्या लोखंडी कंटेनरना खालून लावायची चाकवाली सपोर्ट ब्रॅकेट बनवते. मुलगी खूश आहे, पण बाबा म्हणतात "चार वर्षं इंजिनिअरिंग करून डब्याला चाकं लावणार का?", मावशी म्हणते सॉफ्टवेअरचा कोर्स कर, आणि आईला वेगळीच धास्ती की मुलगी एवढ्याशा वस्तूत अडकून पडेल आणि पुढे कुणी विचारणार नाही. शिवाय शॉपफ्लोअरवर जावं लागेल त्याचं काय. ऑफरला उत्तर द्यायला आठ दिवस आहेत.

ताई, बाबांचा प्रश्न आधी घेतो, कारण तो ऐकायला बरोबर वाटतो आणि तिथेच गडबड आहे. चाक लावणं सोपं आहे हो, कुठल्याही वेल्डरला चार कॅस्टर (पकडीत बसवलेली तयार चाकं) आणि चार प्लेटी द्या, संध्याकाळपर्यंत लावून देईल. पण तो कंटेनर भरला, फोर्कलिफ्टने उचलला, वळवला, खाली आपटला, ढकलला, परत उचलला, आणि हे रोज दिवसभर वर्षानुवर्षं चाललं तरी चाक तुटायला नको, कंटेनर कलंडायला नको, कुणाच्या पायावर यायला नको, हे जो कागदावर आधी बघतो त्याला डिझाइनर म्हणतात. आणि यात मेकॅनिकलचे निम्मे विषय येतात, खोटं नाही सांगत.

एक उदाहरण हातात धरून बघू, म्हणजे बाबांनाही दाखवता येईल. समजा मालासकट कंटेनरचं वजन १२०० किलो आणि चाकं चार. कुणीही म्हणेल प्रत्येक चाकावर ३००. पण जमीन कधी सपाट नसते, कंटेनर कडक असतो, तो काही वाकून चारही चाकं टेकवत नाही, म्हणून कॅस्टर निवडताना साधारण पद्धत अशी की एक चाक हवेत आहे असं धरायचं आणि तीनने भागायचं, म्हणजे ४००. आता त्यात फोर्कलिफ्ट आली. ड्रायव्हर कंटेनर खाली ठेवतो तेव्हा तो जरा तिरका असतोच, आधी दोनच चाकं टेकतात, किंवा समोरासमोरच्या कोपऱ्यातली दोन टेकतात आणि कंटेनर त्यांच्यावर डुलतो, म्हणजे वाईटात वाईट वेळी एका चाकावर ६०० किलो, वर आपटण्याचा धक्का वेगळा. ३०० चं ६०० कसं झालं ते बघा, आणि अजून कंटेनर जागचा हललासुद्धा नाहीये.

खरी मजा पुढे आहे. गाडी पूर्ण थांबायच्या आत ड्रायव्हरने फोर्क, म्हणजे माल उचलायचे पुढचे लोखंडी दांडे, खाली घेतले (घेतात, सगळीकडे घेतात, बोर्ड कितीही लावा) की चाक आडवं घासत जातं. रबर किंवा पॉलियुरेथेनचं चाक काँक्रीटवर आडवं घासलं तर उभ्या भाराच्या अर्ध्याएवढा जोर आडवा लागला असं धरून चाला, म्हणजे ६०० किलोच्या चाकावर साधारण ३ किलोन्यूटन. ब्रॅकेट कंटेनरच्या तळापासून जमिनीपर्यंत २०० मिमी खाली लोंबत असेल तर त्याच्या मुळाशी वाकवणारा मोमेंट (जोर गुणिले अंतर) झाला ६०० न्यूटन मीटर. आता ब्रॅकेट म्हणून १०० मिमी रुंद, १० मिमी जाड पट्टी उभी वेल्ड केली आणि हा जोर तिच्या पातळ बाजूने आला, तर स्ट्रेस, म्हणजे धातूतला ताण, येतो ३६० मेगापास्कलच्या आसपास, आणि साधं माइल्ड स्टील २५० ला यील्ड होतं, म्हणजे कायमचं वाकायला लागतं. म्हणजे पट्टी वाकलीच. तीच पट्टी ९० अंशात फिरवून लावा, स्ट्रेस ३६. वजन तेवढंच, माल तोच, फक्त लावायची दिशा बदलली आणि फरक दहापट!

मग लगेच कुणी म्हणेल फिरवून लावा ना, झालं काम. नाही झालं. स्विव्हल, म्हणजे गोल वळणारं, कॅस्टर असेल तर जोर कुठल्याही बाजूने येतो, कधी पुढून, कधी आडवा, म्हणून एकटी पट्टी चालत नाही, तिला गसेट (कोपऱ्यात आधाराला लावायची तिकोनी प्लेट) लागतात किंवा सरळ चॅनल नाहीतर चौकोनी पाइपसारखा बॉक्स सेक्शन घ्यावा लागतो. गसेट लावलं की त्याच्या टोकाशी वेल्ड संपतो आणि क्रॅक बहुतेक तिथूनच सुरू होतो, कारण रोजचे हजारो छोटे धक्के खाऊन धातू थकतो, त्यालाच फटीग म्हणतात. आणि ब्रॅकेट कितीही दणकट केलं तरी ते ज्या पत्र्याला जोडलंय तो ३ मिमीचा असेल तर ब्रॅकेट साबूत राहतं आणि कंटेनरचा तळ फाटतो, म्हणजे भार पत्र्यावर न देता खालच्या फ्रेमवर न्यायला हवा, नाहीतर आतून जाड पॅड प्लेट द्यायला हवी. एवढ्याशा तुकड्यात स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, वेल्ड डिझाइन, फटीग सगळं येऊन बसतं.

आणि फोर्क कुठून घुसणार? हे कॉलेजात कुणी विचारत नाही. १५० मिमीचं स्विव्हल चाक घेतलं तर चाकाची त्रिज्या ७५ आणि त्याचा ऑफसेट (ज्या पिनेवर ते वळतं तिथपासून चाकाच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर) समजा ४५, म्हणजे ते १२० त्रिज्येच्या वर्तुळात फिरतं, पूर्ण २४० मिमीचा घेर. चाक शेवटचं कुठल्या दिशेला तोंड करून थांबेल ते कुणाच्या हातात नाही. ब्रॅकेट फोर्कच्या वाटेला खेटून लावलं तर दहातल्या दोन वेळा चाक बरोबर फोर्कच्या तोंडासमोर येऊन उभं, ड्रायव्हर आत घुसवायला जातो, चाकाला ठोकर बसते, कंटेनर पुढे पळतो. मग ब्रेकवाली चाकं द्या, किंवा ज्या बाजूने फोर्क येतात तिकडे फिक्स चाकं ठेवा, किंवा ब्रॅकेटलाच असा आडोसा द्या की फोर्क चाकाला लागण्याआधी त्याला लागेल. यातलं काय करायचं ते ठरवायला तिला अर्धा दिवस ड्रायव्हरच्या शेजारी उभं राहून बघावं लागेल, कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगमध्ये, हे दिसत नाही.

फोर्कलिफ्टची बाजूसुद्धा आहेच. काउंटरबॅलन्स फोर्कलिफ्टची (मागे वजन ठेवून पुढचा भार तोलणाऱ्या नेहमीच्या गाडीची) क्षमता ठरावीक लोड सेंटरला, म्हणजे मालाचा मध्य किती पुढे आहे त्या अंतराला, सांगितलेली असते, ५ टनाखालच्या गाड्यांना बहुधा ५०० मिमी, फोर्कच्या उभ्या बाजूपासून मोजून. समजा ब्रॅकेट मागच्या बाजूला बाहेर आल्यामुळे कंटेनर फोर्कच्या उभ्या बाजूला टेकत नाही, २०० मिमी पुढे राहतो. २००० किलो क्षमतेची गाडी, पुढच्या एक्सलपासून फोर्कची उभी बाजू ४५० मिमीवर, तर आधीचा मोमेंट २००० गुणिले ९५०, आता अंतर ११५०, भागाकार केला की १६५० किलोच्या आसपास. म्हणजे एका ब्रॅकेटने गाडीची साडेतीनशे किलो ताकद खाल्ली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. (हा गणिताचा अंदाज झाला, खरा आकडा गाडीच्या कपॅसिटी प्लेटवरचा आणि गाडी बनवणाऱ्याने दिलेलाच धरायचा.) कॅस्टरच्या कॅटलॉगमधला लोडही बरेचदा माणूस चालतो त्या वेगाचा असतो, ताशी ४ किलोमीटर वगैरे, तोच कंटेनर कुणी गाडीला बांधून ओढत नेला की तो आकडा लागू नाही. हे सगळं जिला माहिती आहे तिला "डब्याला चाकं लावणारी" म्हणायचं असेल तर म्हणा बापडे!

आता तुमची धास्ती, अडकून पडण्याची. ती मला बाबांच्या प्रश्नापेक्षा जास्त खरी वाटते. वस्तू छोटी आहे म्हणून माणूस अडकत नाही, त्या वस्तूचं किती काम तुमच्याकडे आहे त्यावर सगळं ठरतं. एका प्रकारच्या कंपनीत ट्रेनी दोन वर्षं जुनं ड्रॉइंग उघडते, भोकाचं अंतर १२० चं १४० करते, रिव्हिजन नंबर बदलते, सेव्ह, पाठवलं. कॅल्क्युलेशन कुणीच करत नाही, मालक म्हणतो आपण पूर्वीपासून असंच बनवतो. तिथे मोठ्या क्रेनचं काम असतं तरी ती अडकलीच असती. दुसऱ्या प्रकारच्या कंपनीत तीच मुलगी ग्राहकाकडे जाऊन कंटेनर मोजते, लोड ठरवते, हाताने हिशोब करते, मॉडेल करते, पहिला नग बनताना वेल्डरशी भांडते, लोड टेस्टला उभी राहते आणि सहा महिन्यांनी तुटून परत आलेलं ब्रॅकेट टेबलावर ठेवून का तुटलं ते शोधते. असं एक ब्रॅकेट सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलेल्या मुलीला पुढे फोर्कलिफ्टच्या अटॅचमेंट, ट्रॉली आणि रिटर्नेबल पॅकेजिंग (परत परत वापरायचे डबे-पेट्या), गोदामातल्या ड्रायव्हरलेस गाड्या, विमानतळावरची सामान हलवायची उपकरणं, शिपिंग कंटेनरची हाताळणी, कुठेही जाता येतं. भार, चाक, जमीन, वेल्ड, माणूस हेच सगळीकडे असतं, आकडे बदलतात. शिपिंग कंटेनरचं बघा, २० फुटीचं एकूण वजन ३० टनांवर जाऊ शकतं.

मग ही कंपनी कुठल्या प्रकारची ते कसं कळणार? विचारायचं, सरळ. तुमच्या ड्रॉइंगवर लोड कॅल्क्युलेशन कोण करतं आणि कोण सही करतं? पहिल्या नगाची लोड टेस्ट घेता का, किती पट लोडला? ग्राहकाकडून तुटून आलेले नग कोण बघतं, त्याची नोंद असते का? फोर्कलिफ्टचं सुरक्षेचं स्टँडर्ड, आयएसओ ३६९१ म्हणतात ते, ऑफिसात आहे का? फोर्कलिफ्टच्या क्षमतेवर परिणाम होईल असं काही बनवलं तर गाडीच्या कंपनीची लेखी परवानगी घेता का? आणि मला पहिल्या वर्षात साइटवर पाठवणार का? या प्रश्नांना कुणी वैतागलं किंवा "ते सगळं आमचे सर बघतात" एवढंच म्हणालं, तर ऑफर सोडली तरी चालेल, पगार जरा जास्त असला तरी. उत्तरं अर्धवट असली पण माणूस प्रामाणिकपणे म्हणाला की टेस्ट रिग (लोड टेस्ट करायची मांडणी) नाहीये, पण करायचीय, तर मी म्हणेन जा. अशा ठिकाणी नवीन मुलीला ते काम स्वतःच्या हाताने उभं करायला मिळतं, मोठ्या कंपनीत त्यासाठी वाट बघत बसावं लागतं.

शॉपफ्लोअरबद्दल. तिथे जावंच लागेल, आणि जायलाच हवं, नाहीतर वर लिहिलेलं अर्धं काम तिला कधी कळणारच नाही. पण म्हणून डोळे झाकून हो म्हणू नका. शिफ्ट किती वाजता संपते, उशीर झाला तर घरी सोडायची सोय काय, महिलांसाठी स्वच्छतागृह फ्लोअरजवळ आहे की नाही, आणखी किती मुली काम करतात, तक्रार समिती आहे का, हे तिने विचारावं आणि जॉइन होण्याआधी एकदा कामाच्या वेळेत फ्लोअर बघून यावा. फोर्कलिफ्ट फिरताना माणसांच्या चालायच्या वाटा रंगाने आखलेल्या दिसतात का, लोकांच्या पायात सेफ्टी शूज आहेत का, यावरूनच कंपनीबद्दल बरंच कळतं. कंटेनर हवेत असताना खालून कुणी वाकून जाताना दिसलं तर मला दुसरं काही सांगूच नका.

सॉफ्टवेअरच्या कोर्सबद्दल मावशींना एवढंच सांगा की आवड असेल तर वाईट काही नाही, पण तुमच्या पत्रात मुलीच्या तोंडून सॉफ्टवेअरचा एक शब्द नाहीये आणि तिच्या प्रोजेक्टमधल्या ट्रॉलीबद्दल तीन परिच्छेद आहेत. थोडं प्रोग्रामिंग तिला इथेही कामाला येईल, साधी एक्सेल शीट करून चाकाचा लोड टाकला की प्लेटची जाडी निघेल असं काही तिने बनवलं तर पहिल्याच महिन्यात लोक तिला विचारायला येतील. एफईए, म्हणजे कॉम्प्युटरवर ताण कुठे किती येतो ते रंगांत दाखवणारं विश्लेषण, शिकावं, पण हाताने हिशोब केल्यानंतर. लाल-निळं चित्र बघून डिझाइन पास झालं म्हणणारे खूप आहेत आणि कंटेनर चाकांवर कुठल्या दिशेने टेकवला हेच त्यांनी चुकीचं धरलेलं असतं.

त्या ट्रॉलीचाच उपयोग करा. वरचा हिशोब तिला तिच्या ट्रॉलीवर करायला सांगा, एक चाक हवेत धरून, दोन चाकांवर धरून, आणि आडवा जोर लावून. दोन पानांत बसेल. इंटरव्ह्यूच्या फाइलमध्ये ती दोन पानं सर्टिफिकेटांच्या वर ठेवावीत. आणि कंपनीला प्रश्नांचा मेल या आठ दिवसांतच जाऊ द्या, पण तो तिनेच लिहावा, बाबांनी नको.