सगळेच क्रोम वापरतात, मग वेबची मानके शिकण्यात वेळ का घालवावा?

आपला प्रश्न असा आहे: आपण वेबचे काम नव्याने शिकत आहात, आपल्या ओळखीतले जवळजवळ सगळे क्रोमच वापरतात, तेव्हा एचटीएमएल (पानाचा मजकूर आणि रचना लिहिण्याची भाषा) आणि सीएसएस (पानाचे रूप ठरवण्याची भाषा) यांची मानके, म्हणजे सर्व ब्राउझरांसाठी ठरवलेले नियम, वाचत बसण्यापेक्षा आणि प्रत्येक पान तीन-तीन ब्राउझरांत उघडून पाहण्यापेक्षा थेट एखादे फ्रेमवर्क, म्हणजे पाने बनवण्याचा तयार सांगाडा, शिकलेले बरे नाही का? मी बेळगावात राहून गेली चार वर्षे हेच काम करतो. माझे मत असे की, मानके आधी शिकावीत. मला हे पटले ते वडगावातल्या एका साडी विकणाऱ्या काकूंच्या कामामुळे, म्हणून तेच आधी सांगतो.

वडगाव आणि शहापूर हे आमच्याकडचे विणकरांचे भाग. काकू तिथल्या मागवाल्यांकडून साड्या घेतात आणि खानापूर, निपाणी, सीमेपलीकडे चंदगडपर्यंतच्या बायकांना विकतात. त्यांच्यासाठी मी मागणी नोंदवण्याचे एक पान तयार केले होते. साड्यांची नावे, किमती, नाव-पत्त्याच्या चौकटी, सगळे काही जावास्क्रिप्टने, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या भाषेने, रंगवलेले. सर्व्हरवरून येणारे मूळ पान जवळजवळ रिकामेच. माझ्या लॅपटॉपवर आणि मोबाईलवर ते उत्तम चालत होते. तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला, "बाळ, खानापूरकडच्या एका बाईंना नुसतं पांढरं दिसतंय बघ." रविवारी मी त्या गावी गेलो. त्या बाईंकडे बटणांचा जिओफोन होता. हा फोन कायओएस या प्रणालीवर चालतो आणि त्यातला ब्राउझर फायरफॉक्सच्या घराण्यातला आहे. त्याचे गेको हे इंजिन, म्हणजे पान वाचून पडद्यावर मांडणारा भाग, मात्र कित्येक वर्षांपूर्वीचे आहे. माझ्या स्क्रिप्टमध्ये नव्या पद्धतीची वाक्यरचना होती, ती त्या इंजिनाला वाचता आली नाही, आणि त्याने ती फाईलच्या फाईल सोडून दिली.

यात मानकांचा एक मूलभूत गुण दडलेला आहे, जो मी तोपर्यंत कधी नीट समजून घेतला नव्हता. एचटीएमएलमध्ये ब्राउझरला अनोळखी टॅग, म्हणजे मजकुराभोवतीची खूण, भेटला तर तो टॅग ओलांडून आतला मजकूर तरी दाखवतो. सीएसएसमध्ये न कळलेली ओळ तेवढी वगळली जाते आणि बाकीच्या लागू होतात. जावास्क्रिप्टचे तसे नाही. व्याकरणाची एक चूक आढळली, किंवा ब्राउझरला ती चूक वाटली, की त्या फाईलमधले काहीच चालत नाही. तिन्हींपैकी सर्वांत कडक असलेल्या भाषेत मी साड्यांची नावे आणि किमतीसुद्धा घालून ठेवल्या होत्या. मग सारे पान पुन्हा लिहिले. यादी आणि फॉर्म साध्या एचटीएमएलमध्ये आले, बटणाच्या जागी रंगवलेल्या डिव्हऐवजी (नुसत्या चौकटीऐवजी) खरे बटण आले, जे स्क्रिप्टशिवायही फॉर्म सर्व्हरकडे पाठवते, आणि स्क्रिप्टकडे फक्त एकूण रकमेची बेरीज राहिली. त्या फोनवर पान साधेच दिसले, पण त्याच बाईंनी त्यावरून दोन साड्यांची मागणी नोंदवली.

"सगळे क्रोमच वापरतात" या म्हणण्याबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्याकडे आयफोनवर क्रोमचे चिन्ह दिसले तरी आत अॅपलचे वेबकिटच चालत असते. क्रोमचे ब्लिंक हे इंजिन २०१३ मध्ये त्याच वेबकिटमधून वेगळे झाले, पण आता दोघांचे वागणे बऱ्याच ठिकाणी सारखे नाही. म्हणजे ज्याला आपण एकच ब्राउझर समजतो, तो प्रत्यक्षात दोन इंजिनांवर चालतो, आणि त्या दोघांना, तसेच गेकोला, बांधून ठेवणारा कागद म्हणजे मानक. एचटीएमएलच्या या मानकाला आता आवृत्तीचा क्रमांकही नाही. ते सतत सुधारले जाते आणि कोणालाही विनामूल्य वाचता येते.

एकाच ब्राउझरवर विसंबून राहिल्याने काय होते हे मराठीने एकदा भोगलेले आहे. इंटरनेट एक्सप्लोररची ६वी आवृत्ती २००१ मध्ये आली आणि ७वी थेट २००६ मध्ये. त्या काळात बरीच मराठी संकेतस्थळे स्वतःच्या खास फाँटमध्ये मजकूर घालत, ज्यात मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेली असत, आणि तो फाँट आपोआप उतरवून घेण्याची सोय मुख्यतः त्या एका ब्राउझरमध्ये होती. ब्राउझर गेला, फाँट गेले, आणि उरली ती रोमन अक्षरांची निरर्थक रांग. आमच्या गल्लीतल्या वाचनालयाची पुस्तकांची यादी अशाच फाँटमध्ये टाईप केलेली होती. ती युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचा क्रमांक देणाऱ्या मानकात, आणण्यात माझ्या दोन महिन्यांच्या संध्याकाळी गेल्या, कारण बदल करणाऱ्या प्रोग्रॅमला 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतला फरक कळत नव्हता आणि सह्याद्रीच्या दऱ्यांवरचे पुस्तक समुद्राचे होऊन बसत होते. युनिकोडमध्ये या दोन शब्दांची नोंद वेगवेगळी आहे, त्यामुळे ती यादी आता कोणत्याही ब्राउझरमध्ये नीट दिसते आणि शोधताही येते.

आमच्या भागात तर पानावर दोन लिप्या शेजारी-शेजारी नांदतात. पाटीवर कोणती भाषा असावी यावरून इथे किती बोलले जाते हे आपणांस ठाऊकच असेल. पण पान तयार करणाऱ्याने निदान दोन्ही भाषा वाचता येतील एवढे तरी पाहिलेच पाहिजे, असे मला मनापासून वाटते. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लिहितात. ओळींची उंची इंग्रजीच्या मापाने ठेवली आणि चौकटीबाहेरचा भाग लपवला, तर खालचे अक्षर कापले जाते आणि 'अक्क', म्हणजे थोरली बहीण, हा शब्द नुसता 'अक' उरतो. आपल्या मात्रा आणि उकारही असेच कापले जातात, आणि अक्षरांमधले अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते. मराठी परिच्छेदाला मराठीचा आणि कन्नड परिच्छेदाला कन्नडचा भाषा-संकेत दिला, तर दृष्टिहीन वाचकाला पान मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर योग्य आवाज निवडू शकतो, आणि फाँटमध्ये सोय असल्यास मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' मिळतात. एवढ्या कामाला एक शब्द लिहावा लागतो.

अक्षरांच्या मोजणीचेही असेच आहे. एका ऑनलाईन अर्जात नावासाठी २० अक्षरांची मर्यादा होती आणि माझ्या मित्राचे पूर्ण नाव त्यात मावेना. 'श्रीकृष्ण' हे आपल्या डोळ्यांना तीन अक्षरी नाव. ब्राउझर मात्र त्यातले हलन्त, वेलांट्या सारे सुटे धरून ९ मोजतो. मानकात ही मोजणी कशी होते हे स्वच्छ लिहिलेले आहे. ते वाचले असते तर अर्ज तयार करणाऱ्याने मर्यादा मोठी ठेवली असती, आणि माझ्या मित्राला वडिलांचे नाव अर्धवट लिहावे लागले नसते.

आता वेळेबद्दल. एक पान तपासायला मला साधारण अर्धा तास लागतो. फायरफॉक्समध्ये ते उघडतो, स्क्रिप्ट बंद करून फॉर्म जातो का पाहतो, माऊस बाजूला ठेवून नुसत्या टॅबच्या कळीने शेवटपर्यंत पोहोचता येते का पाहतो, नेटचा वेग मुद्दाम कमी करतो आणि शेवटी घरातला सर्वांत जुना मोबाईल हातात घेतो. आयफोन माझ्याकडे नाही. त्यासाठी शेजारच्या दादांकडे जातो. आपणही सुरुवातीला फ्रेमवर्क बाजूला ठेवून एक फॉर्म फक्त एचटीएमएलमध्ये लिहून पाहावा आणि तो घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या फोनवर, त्यांच्याच हातून भरून घ्यावा. त्यांचे बोट जिथे अडेल, त्या भागाचे मानक आधी वाचायला घ्यावे.