हिप-हॉपमधला हळवेपणा

प्रश्न : आम्ही चौघी मैत्रिणी पुण्यात हिप-हॉप शिकतो. माझ्या आजोबांच्या आठवणीवर आम्ही एक नृत्य बसवले, तेव्हा जाणकारांनी ‘हे हिप-हॉप राहिले नाही, कंटेम्पररी (मोकळ्या, वाहत्या हालचालींची आधुनिक नृत्यशैली) झाले’ असे सांगितले. हिप-हॉपमध्ये हळवी गोष्ट सांगताच येत नाही का?

उत्तर : येते, आणि ती सांगणारे तुमच्या आधी बरेच होऊन गेले आहेत. ‘सो यू थिंक यू कॅन डान्स’ या अमेरिकी स्पर्धेच्या २००८ मधील पर्वात टॅबिथा आणि नेपोलियन ड्यूमो या दांपत्याने कामात बुडालेला पुरुष आणि त्याला थोपवू पाहणारी स्त्री यांची गोष्ट हिप-हॉपमधून मांडली, आणि अशा, गाण्यातल्या भावनेमागे जाणाऱ्या नृत्याला ‘लिरिकल हिप-हॉप’ हे नाव त्या सुमारास रुळले. मला मात्र त्याहून जवळचे वाटते ते कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या ‘टर्फ फाइन्झ’ या नृत्यचमूचे २००९ मधील चित्रीकरण. अपघातात गेलेल्या आपल्या माणसासाठी चार तरुण भर पावसात रस्त्याच्या कोपऱ्यावर नाचतात. कोणी रडण्याचा अभिनय करत नाही, केवळ ओल्या फरशीवरून पावले घसरत जातात, बुटांच्या टोकांवर शरीर क्षणभर तोलले जाते, आणि पाहणाऱ्याचा कंठ दाटून येतो.

तुमचे नृत्य मी पाहिलेले नाही. पण अशा वेळी बहुधा होते ते असे, की दुःख दाखवायचे म्हणून आपण गुडघ्यांतला बाऊन्स, म्हणजे ठेक्यावरची उसळी, सोडतो, हात लांबवतो, आकाशाकडे पाहतो, आणि ज्या ठेक्यावर शरीर उभे होते तो ठेकाच हातातून निसटतो. हळवेपणासाठी दुसऱ्या शैलीकडे हात पसरण्याची गरज नाही. हिप-हॉपमध्ये वापरल्या जाणाऱ्या पॉपिंग या तंत्रात स्नायू झटक्यात आवळून सोडतात. हाच झटका छातीत अगदी कमी जोराने दिला, तर तो दाबलेल्या हुंदक्यासारखा दिसतो. गुडघे गाण्यातल्या ड्रमच्या ठोक्यावर ठेवून खांदे आणि हात गायकाच्या लांबलेल्या स्वरामागे किंचित उशिराने जाऊ द्या, म्हणजे ठेका आणि मन यांच्यातली ओढाताण दिसू लागेल.

गोष्टीसाठी आजोबांची एकच सवय निवडा. ‘आठवण’ नाचता येत नाही, वर्तमानपत्राची घडी घालणे नाचता येते. ती घडी आधी चौघींनी एकत्र, ठेक्यावर, स्वच्छ घालावी. पुढे तीच पुन्हा येईल तेव्हा ती थोडी संथ असावी. आणि अखेरच्या वेळी तुम्ही स्वतः ती अर्धवट सोडून स्तब्ध उभ्या राहा, बाकी तिघींनी मात्र थांबू नये.