शनिवार-रविवार शिकून वैमानिक होता येईल का?

प्रश्न : मॅडम, मी 25 वर्षांची मेकॅनिकल इंजिनिअर, चाकणला एका वाहन कंपनीत क्वालिटी विभागात आहे. गाव वाळव्याजवळ. लहानपणापासून वैमानिक व्हायचं मनात आहे, पण घरी कर्ज आहे आणि नोकरी सोडणं शक्य नाही. माझा आतेभाऊ टेक्सासमध्ये नोकरी सांभाळून फक्त शनिवार-रविवार विमान शिकला आणि त्याला लायसन्स मिळालं. बारामतीच्या फ्लाइंग स्कूलला जाऊन मी तसं करू शकते का? पुढे एअरलाइनमध्ये जायचं आहे.
– एक वाचक, चाकण

उत्तर : अर्धं शिक्षण, म्हणजे पेपरांचा अभ्यास, नोकरी सांभाळून नक्की होईल. उरलेलं अर्धं, म्हणजे प्रत्यक्ष उड्डाण, होणार नाही, आणि तुम्ही सुट्टीच्या दिवसांत करायला निघालात ते नेमकं हेच दुसरं अर्धं आहे.

आधी आतेभावाचं बघू. त्याला बहुधा प्रायव्हेट पायलट लायसन्स मिळालं असेल. त्याला किमान 40 तास लागतात. तिकडे घराजवळ विमानतळ असतो, तासाच्या भाड्यानं विमान मिळतं, पगारातून जमेल तसं उडता येतं. हौसेसाठी ही पद्धत उत्तम. पण त्या लायसन्सवर पगारी वैमानिक होता येत नाही. तुम्हाला हवं ते कमर्शियल लायसन्स, सीपीएल. त्यासाठी आपल्याकडे 200 तास लागतात, त्यातले 100 तास पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर असलेला वैमानिक, म्हणून.

आता हिशेब मांडा. पावसाळ्यात कमी उंचीचे ढग आणि सरी आल्या की शिकाऊ उड्डाणं थांबतात. हिवाळ्यात सकाळी धुकं, एप्रिल-मेमध्ये दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणारे झोत. शिवाय विमान तपासणीसाठी हँगरमध्ये गेलं की शनिवार गेलाच. वर्षात तीस शनिवार-रविवार हाती लागले आणि प्रत्येक वेळी दोन तास मिळाले, तरी साठ तास होतात. म्हणजे तीन वर्षांहून जास्त. आणि नियम असा की हे 200 तास अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांतले हवेत, पायलट-इन-कमांडचे किमान 15 तास शेवटच्या सहा महिन्यांतले हवेत, रात्रीची दहा टेक-ऑफ आणि दहा लँडिंगही तेव्हाचीच. रात्रीच्या उड्डाणाची सोय सगळ्या धावपट्ट्यांवर नसते. शेवटी पूर्णवेळ यावंच लागतं.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. मी सेसना 152 आणि 172 या छोट्या शिकाऊ विमानांवर विद्यार्थी शिकवते. लँडिंगच्या शेवटच्या क्षणी, चाकं धावपट्टीपासून काही फुटांवर असताना नाक किती आणि केव्हा उचलायचं, याला फ्लेअर म्हणतात. ते पुस्तकातून येत नाही. नजर जवळच्या डांबरावरून उचलून धावपट्टीच्या टोकाकडे न्यायची आणि जमीन वर येतेय हे अंगाला कळू द्यायचं. रोज उडणाऱ्या मुलीला ते एखाद्या सकाळी अचानक उमगतं. आठवड्यानं येणारीच्या हाताला ते शनिवारी पुन्हा शोधावं लागतं. हात दांडा घट्ट आवळतो, पाय रडर (शेपटीचं सुकाणू) विसरतात, आणि तासातला पहिला वेळ मागच्या वेळचं परत आणण्यात जातो. त्या वेळाचे पैसे तुम्हीच भरता. कर्ज असलेल्या घरातून आलेल्या मुलीनं असे पैसे जाऊ द्यावेत, हे मला पटत नाही.

मग करायचं काय? नोकरी सोडू नका, आणि कुठल्याही स्कूलला अजून एक रुपया देऊ नका. आधी वैद्यकीय तपासणी : क्लास 2 आणि मग सीपीएलला लागणारी क्लास 1, दोन्ही. डोळे, रंगांची ओळख, कान, हृदय, सगळं बघतात. लाखो रुपये भरून नंतर क्लास 1 ला अडलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्यांच्या आईवडिलांशी बोलणं फार जड जातं.

नंतर डीजीसीएकडून, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून, परीक्षेला बसण्यासाठी लागणारा कॉम्प्युटर नंबर घ्या आणि पेपर द्यायला लागा. एअर नॅव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल, पुढे विमानाचं टेक्निकल स्पेसिफिक, आणि रेडिओवर बोलण्याच्या परवान्याचं आरटीआर. पास व्हायला 70 टक्के लागतात. हे सारं शिफ्ट सांभाळून, संध्याकाळच्या किंवा ऑनलाइन वर्गात होतं. टेक्निकल तुम्हाला सोपं जाईल. मेटिऑरॉलॉजी मात्र मन लावून करा. पुण्यात हवामान खात्याच्या ज्या कार्यालयाला आपण सिमला ऑफिस म्हणतो, तिथले लोक ज्या ढगांचा, वाऱ्यांचा अभ्यास करतात, तेच ढग-वारे पुढे रोज तुमच्यासमोर उभे राहणार आहेत.

पेपर हाताशी आले की बिनपगारी रजेचं बोला, नाही मिळाली तर तेव्हा राजीनामा द्या. सुरुवात ऑक्टोबरला करा, म्हणजे पावसाआधीचे कोरडे महिने सलग मिळतील. बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया, जळगाव : प्रत्यक्ष जाऊन बघा. डीजीसीएनं 2025 पासून फ्लाइंग स्कूलची श्रेणी जाहीर करायला सुरुवात केली आहे, तीही बघा. पण ऑफिसातल्या माणसापेक्षा कँटीनमध्ये बसलेल्या विद्यार्थ्याला विचारा : गेल्या महिन्यात तुझे किती तास झाले? आज उडण्याजोगी विमानं किती, आणि विद्यार्थी किती? लॉगबुक (उड्डाणाच्या तासांची वही) दाखवायला सांगा. सगळी फी एकरकमी मागितली तर तिथून निघा. जितके तास तितके हप्ते, हे लेखी घ्या.

खर्चाचं स्पष्ट बोलते. मल्टी-इंजिन (एकाहून जास्त इंजिनांचं विमान) आणि इन्स्ट्रुमेंट (फक्त उपकरणं बघून उडवणं) रेटिंग धरून पन्नास लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त लागतात. एअरलाइनचं ठरावीक विमान उडवण्याची परवानगी, म्हणजे टाइप रेटिंग, वेगळं, तेही दोन आकडी लाखांत. आणि सीपीएल हाती आलं म्हणजे नोकरी आली, असं नाही. भरती लाटांनी येते. म्हणून घरचं कर्ज किती उरलंय आणि वर किती झेपेल, हे बाबांसोबत कागदावर मांडा. आकडा जुळत नसेल तर दोन वर्षं पगार साठवा. वयाची घाई नाही. आपल्याकडे एअरलाइनचे वैमानिक 65 पर्यंत उडतात.

प्रश्न : बारावी कॉमर्स झालेल्या, चष्मा असलेल्या मुलाला वैमानिक होता येतं का?
– एक आई, परभणी

उत्तर : चष्म्यामुळे दार बंद होत नाही. चष्म्यासह नजर नियमात बसायला हवी. रंग ओळखण्याची तपासणी मात्र आधी करून घ्या, कारण तिथे चष्मा उपयोगी पडत नाही. कॉमर्सचं म्हणाल तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं, आणि हे दोन विषय एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) देता येतात. कितीतरी मुलांनी तसं केलं आहे. नियमात बदल होण्याची चर्चा अधूनमधून असते, त्यावर विसंबून थांबू नका. यंदाच फॉर्म भरा.