देवास नाक्यावर जाण्याआधी

एचआयव्ही जागृतीच्या कामात नवीन आलीयेस म्हणून सांगते. इंदूरच्या देवास नाक्यावरच्या ट्रक ड्रायव्हरांशी बोलणं सोपं आहे. निरोधचं पाकीट ते हसत खिशात टाकतात. खरी कसोटी लागते ती आपल्याच मराठी घरांत. हळदीकुंकवाला एचआयव्हीचा विषय काढलास की वाण हातात देऊन तुला वाटेला लावतील. "आमच्यात असलं काही नसतं" हे ठरलेलं वाक्य. वाद घालू नकोस. सरकारी केंद्रात तपासणी मोफत होते, आधी संमती घेतात, नाव गुप्त ठेवतात, एवढंच सांग. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यातच संमती आणि गुप्ततेची तरतूद आहे. फोनवर विचारायचं असेल तर १०९७.

शाळेत मात्र जपून. २००७ साली आपल्या मध्य प्रदेश सरकारनं शाळांतलं लैंगिक शिक्षण संस्कृतीच्या नावाखाली थांबवलं. ती धास्ती मुख्याध्यापकांच्या मनात अजून आहे, असं माझं मत. आधी पालकसभा गाठ आणि आईकडून बाळाला होणाऱ्या संसर्गापासून सुरुवात कर. बाळाचं नाव काढलं की सगळे ऐकतात.

आणि हो, पर्समध्ये निरोध सापडला म्हणून पोलिसांनी एखाद्या बाईला अडवलं, तर ओळखपत्र दाखव, शांतपणे बोल, संस्थेत फोन लाव. चारचौघांत तिचं नाव घेऊ नकोस.